पाण्याखालचा श्वास : रेग्युलेटर घेताना काय पाहावे

रेग्युलेटर म्हटले की आपल्या घरात दोनच वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक पंख्याचा, दुसरा स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवरचा. पण मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या काही घरांत आता तिसरा रेग्युलेटरही आला आहे, आणि त्यावरून जेवणाच्या दस्तरखानावर वादही झडू लागले आहेत. मुलगा म्हणतो, "अब्बा, मला स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचा आहे." अब्बा किंमत विचारतात आणि घास हातातच राहतो. अम्मीला किमतीचे काही नसते. तिची भीती वेगळी असते. "पाण्याखाली तो बंद पडला तर?"

या दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर आहे. ते मराठीत कुणी सविस्तर सांगत नाही, म्हणून आम्ही या महिन्यात हा विषय घेतला.

समुद्र आपल्या कोकणी घरांना नवा नाही. कुणाचे आजोबा जहाजावर खलाशी होते, कुणाची स्वतःची होडी होती, कुणाचे आयुष्य कुवेत-मस्कतला गेले. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि पुढे पर्यटन वाढले तसे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात पर्यटकांना बुडी मारून आणण्याचा धंदा उभा राहिला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. किनाऱ्यावरची मुले शिकली, प्रमाणपत्रे घेतली, काही अंदमानला गेली, काही मालदीवला. शिवाय जेद्दा, दुबई, मस्कतला नोकरी करणारी आपली माणसे सुट्टीच्या दिवशी हा छंद करतात. ती तर मुलाबाळांसह जातात. सांगायचे म्हणजे, हा आता फक्त श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही. काही घरांची रोजी त्यावर आहे.

आता वस्तू समजून घेऊ. गॅसच्या सिलिंडरचा दाखला उगाच दिला नाही. सिलिंडरमध्ये गॅस जोराने कोंडलेला असतो, तो तसाच शेगडीत सोडला तर घर पेटेल. रेग्युलेटर तो जोर कमी करतो. स्कूबाच्या टाकीतही तेच, फक्त तिच्यात गॅस नसून आपण श्वासात घेतो ती साधी हवाच असते, आणि जोर भयंकर असतो. आपल्याकडे सर्रास दिसणारी अॅल्युमिनियमची टाकी ११ लिटरची असते आणि सुमारे २०० बारपर्यंत भरतात. मोटारीच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. म्हणजे चाकाच्या जवळजवळ शंभरपट. ही हवा थेट तोंडात घेता येणार नाही हे उघड आहे.

म्हणून रेग्युलेटरचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा टाकीच्या तोंडावर बसतो. तो २०० बारची हवा उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणतो. तिथून नळीने ती हवा तोंडातल्या दुसऱ्या टप्प्याकडे जाते. तिथे एक रबरी पडदा असतो. आपण श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, एक लहानसा दांडा दाबला जातो, झडप उघडते आणि हवा येते. श्वास थांबला की झडप बंद. उच्छ्वास दुसऱ्या बाजूच्या पातळ रबरी झडपेतून पाण्यात बुडबुडे होऊन जातो. मागितले तेवढेच मिळते, म्हणून हवा वाया जात नाही.

ही युक्ती १९४३ साली फ्रान्समध्ये समुद्रासाठी कामास आली. नौदलातले जॅक कुस्तो आणि इंजिनियर एमिल गान्यां यांनी ती जमवली. मजेची गोष्ट अशी की गान्यां यांचे मूळ यंत्र समुद्रासाठी नव्हतेच. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या होत्या, त्यासाठी त्यांनी ती झडप केली होती. तेव्हा आपल्या अम्मीने स्वयंपाकघरातल्या रेग्युलेटरशी तुलना केली तर ती फार चुकत नाही.

खोलीचे गणितही घरात सर्वांना ठाऊक असावे. पाण्याच्या पृष्ठभागावर दाब एक बार. दर दहा मीटरला एक बार वाढतो. वीस मीटरवर तीन बार. तिथे घेतलेल्या प्रत्येक श्वासात वरच्यापेक्षा तिप्पट हवा लागते. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ६० लिटर घेतो. टाकीत २०० बारला साधारण २२०० लिटर हवा, त्यातले ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे हातात आले साडेसोळाशे लिटर. वीस मीटरवर ही हवा सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटे पुरते. घाबरून जोरात श्वास घेणाऱ्याला त्याहून कितीतरी कमी. शिवाय तिप्पट दाबाची हवा तिप्पट दाट असते, ती ओढायलाही जास्त कष्ट पडतात. चांगला रेग्युलेटर आणि साधा रेग्युलेटर यांतला फरक इथे दिसतो, दुकानातल्या काउंटरवर नाही.

बंद पडला तर?

अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ. आजचे रेग्युलेटर अशा रीतीने बांधलेले असतात की बिघडले तर बहुधा बंद पडत नाहीत, उलट उघडे राहतात. दुसऱ्या टप्प्यातली झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडते. स्प्रिंग सैल झाली, सीट झिजली किंवा पहिल्या टप्प्याने जास्त दाब सोडला, तर हवा आपोआप भसाभस वाहू लागते. ही गोष्ट भीतीदायक वाटते, टाकीही लवकर रिकामी होते, पण वाहत्या हवेतून श्वास घेत वर येता येते आणि शिकवणीत त्याचा सराव करून घेतात. शिवाय प्रत्येक संचाला दुसरा टप्पा जादाचा एक जोडलेला असतो. त्याला ऑक्टोपस म्हणतात. तो पिवळा असतो, नळीही पिवळी आणि लांब, म्हणजे सोबत्याची हवा संपली तर त्याला चटकन देता यावा.

खरे धोके बहुतेक वेळा लहान आणि घरगुती असतात. माउथपीसला बांधलेली प्लास्टिकची पट्टी तुटलेली असते आणि माउथपीस तोंडात राहून रेग्युलेटर खाली गळतो. उच्छ्वासाची रबरी झडप वाकडी बसलेली असते आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडे पाणी येते. नळीला धातूच्या टोकाजवळ बारीक भेगा असतात. दाब दाखवणारा काटा अडकलेला असतो. यातले काहीही कंपनीच्या नावावर अवलंबून नाही. पाहणाऱ्या डोळ्यावर आहे.

जान ही अल्लाहची अमानत आहे हे आपण मुलांना सांगतोच. उंट बांधण्याची ती हदीसही आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा बुडी मारण्याआधी पाच मिनिटे साधन तपासणाऱ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये.

गरम पाण्यासाठी काय लागत नाही

बाजारात सर्वांत महाग रेग्युलेटर कशासाठी महाग असतात हे कळले की निम्मे पैसे वाचतात. दाबाखालची हवा पसरली की थंड होते. युरोपातल्या तळ्यांत, चार-पाच अंशांच्या पाण्यात, ही थंडी इतकी वाढते की पहिल्या टप्प्याच्या आत बर्फ धरतो आणि झडप उघडी अडकते. ते टाळण्यासाठी तिथले रेग्युलेटर खास सीलबंद करतात, त्यांना उष्णता शोषणारे पंखे लावतात, आणखी काय काय करतात. युरोपीय मानक ईएन २५० यात थंड पाण्याची हद्द १० अंश सेल्सियस धरली आहे. ज्यावर १० अंशांच्या वर अशी खूण आहे, तो थंड पाण्यासाठी तपासलेला नाही, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याला कुठे जायचे आहे? मालवण, लक्षद्वीप, अंदमान, मालदीव. पाणी २५ अंशांच्या वरच, बहुतेक वेळा २७-२८. तांबड्या समुद्राच्या उत्तरेला हिवाळ्यात ते २१-२२ पर्यंत उतरते. ओमानच्या दक्षिणेला खरीफच्या दिवसांत खालचे थंड पाणी वर येते. तरीही दहा अंशांच्या जवळपास कुठेच नाही. मग गोठण्यापासून बचावाचे पैसे आपण का मोजावेत? त्याला इस्राफ म्हणतात. दुकानदार "सर्वांत वरचे मॉडेल" पुढे करील तेव्हा हे आठवावे.

एक मात्र आहे. सीलबंद पहिल्या टप्प्याचा दुसराही फायदा असतो. त्याच्या आत खारे पाणी आणि वाळू शिरत नाही. मालवणच्या होड्या, किनाऱ्यावरची रेती, तळाचा गाळ हे ज्याने पाहिले आहे त्याला हा फायदा कळेल. म्हणून बर्फासाठी नको, पण रोज कामाला जाणाऱ्यासाठी सीलबंद टप्पा घ्यायला आमची हरकत नाही.

त्याच मानकात आणखी एक खूण पाहण्यासारखी आहे. ईएन २५०ए असे लिहिले असेल, तर तो रेग्युलेटर दोन माणसे एकाच वेळी श्वास घेत असतानाही तपासलेला आहे. ऑक्टोपस वापरायची वेळ आली तर नेमके हेच घडते. मानकातली श्वासाची मुख्य चाचणी ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला साडेबासष्ट लिटर हवा ओढून होते. सुट्टीच्या दिवशी बारा-पंधरा मीटरवर मासे पाहणाऱ्या माणसापेक्षा ही परीक्षा कितीतरी कडक आहे. म्हणजे नामवंत कंपनीचा सर्वांत स्वस्त रेग्युलेटरसुद्धा ही परीक्षा पास होऊन आलेला असतो. ऑनलाइन मिळणारा बेनाव, खूण नसलेला रेग्युलेटर मात्र फुकट दिला तरी घेऊ नये.

पिस्टन की डायफ्राम

हा वाद पाणबुड्यांच्या गप्पांत रात्रभर चालतो. आम्ही तो थोडक्यात आटोपतो.

साधा पिस्टन, म्हणजे ज्याला इंग्रजीत अनबॅलन्स्ड म्हणतात तो, सर्वांत सोपा. आत हलणारे भाग अगदी कमी. स्कूबाप्रोचा एमके २, क्रेसीचा एसी २ ही या जातीची ओळखीची नावे. जगभरच्या शिकवणी केंद्रांत असलेच रेग्युलेटर मुलांच्या हाती देतात, कारण ते मार खातात आणि दुरुस्तीला स्वस्त पडतात. उणीव एकच. टाकी रिकामी होत आली की श्वास किंचित जड लागतो. वरच्या पाण्यात हे जाणवतही नाही. तीस मीटरवर, टाकी अर्ध्याखाली, आणि ऑक्टोपसवर दुसरा माणूस, अशी वेळ आली तर जाणवते.

बॅलन्स्ड रेग्युलेटरमध्ये टाकीतला दाब झडपेच्या दोन्ही बाजूंना सारखा केलेला असतो, म्हणून टाकी भरलेली असो की संपत आलेली, श्वास तसाच राहतो. तो पिस्टनचाही असतो, डायफ्रामचाही. बॅलन्स्ड पिस्टन हवा भरपूर देतो, पण त्याच्या स्प्रिंगच्या खोलीत समुद्राचे पाणी खेळते, म्हणजे धुणे नीट झाले नाही तर मीठ तिथेच जमते. डायफ्रामवाल्यात रबरी पडदा पाणी बाहेर ठेवतो. भाग जास्त, दुरुस्तीला वेळ जास्त, पण आपल्या रेताड पाण्याला तो मानवतो.

आमचे मत विचाराल तर असे. वर्षातून आठ-दहा बुड्या, त्याही अठरा-वीस मीटरच्या आत, तर साधा पिस्टन पुरे. मुलगा गाईड म्हणून रोज उतरणार असेल, दुसऱ्यांचे जीव त्याच्या हाती असतील, तर बॅलन्स्ड डायफ्राम घ्यावा आणि त्यासाठी हंगामभर थांबून पैसे साठवावे लागले तरी थांबावे. भाड्याचा वापरत राहावा तोवर.

किमतीचा अंदाज हवा म्हणून सांगतो. दोन्ही टप्पे, ऑक्टोपस आणि दाबाचा काटा मिळून साधा संच पंचवीस-तीस हजारांच्या पुढे सुरू होतो आणि वर लाख-दीड लाखापर्यंत जातो. टायटॅनियमचे त्याहूनही पुढे. टायटॅनियम हलका असतो आणि गंजत नाही हे खरे, पण ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीला जास्त उपयोगी पडतील. हवेत ऑक्सिजन वाढवलेला नायट्रॉक्स वापरायचा असेल तर ४० टक्क्यांपर्यंत बहुतेक नवे रेग्युलेटर चालतात, तरी त्याच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले आहे की नाही हे पाहूनच.

दुसऱ्या टप्प्यात फार अडकू नये. श्वासाचा जोर कमी-जास्त करायचा गोल खटका असला तर बरा, नसला तर अडत नाही. हवा आपोआप वाहू नये म्हणून एक लहान कळ असते, ती असावी, कारण होडीवरून उडी मारताना तिचा उपयोग होतो. प्लास्टिकचा दुसरा टप्पा हलका असतो आणि तासभर तोंडात धरला तरी जबडा दुखत नाही. धातूच्या टप्प्यात थोडा दमटपणा धरतो आणि घसा कमी कोरडा पडतो. टाकीतली हवा अगदी कोरडी असते, म्हणून ही गोष्ट काहींना महत्त्वाची वाटते.

मुलींसाठी दोन शब्द. लहान तोंडाला मोठा माउथपीस लावला की जबडा भरून येतो आणि पाणीही शिरते. लहान मापाचा माउथपीस वेगळा मिळतो, काही शेकड्यांत, आणि तो बहुतेक रेग्युलेटरना लावता येतो. डोके झाकून, अंगभर पोशाखात बुडी मारायला रेग्युलेटरची काही आडकाठी नाही. काळजी मास्कची घ्यायची. मास्कची रबरी कड कातडीवर बसली पाहिजे, कापडाच्या कडेवर बसली तर पाणी आत येणारच. हुड किंवा स्कार्फ कडेच्या बाहेर, घट्ट, आणि सैल टोके आत खोचलेली. भाईलोकांनाही याच नियमात धरायचे. दाढीने फारसे अडत नाही, पण वरच्या ओठावरची मिशी वाढलेली असेल तर मास्क गळतो. मिशी कातरून ठेवण्याची सुन्नत इथेही कामी येते.

मामूने पाठवलेला रेग्युलेटर

आता त्या गोष्टीकडे येऊ जिथे आपल्या घरांचे पैसे सर्वांत जास्त अडकतात. आखातातून वस्तू आणण्याची आपली जुनी सवय आहे. मामू सुट्टीवर येणार, मग घड्याळ, अत्तर, मोबाइल आणि आता रेग्युलेटरसुद्धा. आमच्या ओळखीच्या एका घरात असाच सुंदर, नवा, डबाबंद रेग्युलेटर आला. मुलगा तो घेऊन दुसऱ्या दिवशी होडीवर गेला आणि तो टाकीला बसेचना.

कारण असे की टाकीला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीला योक म्हणतात, शिकंजासारखी, टाकीच्या तोंडावर अडकवून मागून स्क्रू आवळायचा. दुसरी डीआयएन, जर्मन मानकाची, तीत रेग्युलेटर टाकीच्या तोंडात आटे फिरवून बसवतात. आपल्याकडे बहुतेक टाक्या योकच्या आहेत. युरोपात डीआयएन जास्त. आखातात दोन्ही दिसतात. डीआयएन जोडणी जास्त मजबूत, कारण रबरी रिंग तिथे धातूत बंदिस्त असते आणि उडून जात नाही. योकमध्ये ती रिंग टाकीच्या तोंडावर असते, म्हणून योक वापरणाऱ्याने खिशात दोन-चार ओ-रिंग ठेवाव्यात. दोन रुपयांच्या वस्तूपायी अख्खी बुडी वाया गेलेली पाहायला मिळते.

त्या मुलाचे काम पुढे जोडणीच्या अडॅप्टरवर भागले. डीआयएन रेग्युलेटरवर बसणारा योकचा अडॅप्टर वेगळा मिळतो, आणि जो खूप देश फिरणार आहे त्याने डीआयएन रेग्युलेटर आणि सोबत हा अडॅप्टर घेणेच बरे. उलट दिशेने सोय तेवढी सोपी नाही. योकचा रेग्युलेटर डीआयएन टाकीवर तेव्हाच बसतो, जेव्हा टाकीच्या तोंडात बसणारी धातूची चकती मिळते. मालवणातच राहणाऱ्याने मात्र सरळ योक घ्यावा.

जोडणीपेक्षा मोठा प्रश्न सर्व्हिसिंगचा. रेग्युलेटर दरवर्षी तपासून घ्यायचा असतो, आणि पूर्ण उघडून, आतले रबर आणि सीट बदलून, पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत. अनेक कंपन्या आता दोन वर्षे किंवा शंभर बुड्या, जे आधी होईल ते, असे सांगतात. रोजच्या गाईडच्या शंभर बुड्या एका हंगामात सहज होतात. त्यासाठी त्या कंपनीचे सुटे भाग आणि त्या कंपनीचे काम शिकलेला कारागीर लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, आधी कारागीर शोधा, मग रेग्युलेटर. जो आपल्या किनाऱ्यावर, गोव्यात किंवा मुंबईत ज्या कंपनीचे काम करतो, तीच कंपनी आपली. परदेशातल्या पावतीवर मिळालेली वॉरंटी इथे चालेल की नाही हे मामूने घेतानाच विचारावे. पाच हजार वाचवून आणलेला रेग्युलेटर दुरुस्तीसाठी पुन्हा शारजाला पाठवायची पाळी आली तर बचत कुठे राहिली?

जुना घ्यायचा असेल तर

जुना घेण्यात कमीपणा नाही. चांगल्या रेग्युलेटरचे पितळ वीस-पंचवीस वर्षे टिकते. फक्त जुन्याची किंमत काढताना पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च तीत धरूनच बोलावे, विकणारा "आत्ताच केले" म्हणाला तरी. पावती दाखवली तर गोष्ट वेगळी.

घरीच करण्यासारख्या काही तपासण्या आहेत. पहिल्या टप्प्याच्या तोंडावरचे धूळबूच घट्ट लावावे आणि दुसऱ्या टप्प्यातून श्वास ओढून पाहावा. हवा येता कामा नये. आली तर पडद्याला, झडपेला किंवा नळीला कुठेतरी भोक आहे. मग बूच काढून हवेच्या वाटेवरची बारीक जाळी पाहावी. ती धातूच्या भुकटीची केलेली, साखरेच्या खड्यासारखी दिसते. ती चमकदार असावी. हिरवट असेल तर समुद्राचे पाणी आत गेले आहे. तांबूस-तपकिरी असेल तर लोखंडी टाकीचा गंज आला आहे. काळपट, तेलकट असेल तर ज्या कॉम्प्रेसरवर टाक्या भरल्या तो बिघडलेला होता. जाळी पाहिली की रेग्युलेटरचा अर्धा इतिहास समजतो. मग नळ्या वाकवून पाहाव्यात, धातूच्या टोकापाशी भेगा दिसल्या तर नळी बदलायची. शेवटी टाकी जोडून, हवा सोडून, संच बादलीभर पाण्यात बुडवावा आणि बुडबुडे कुठून येतात पाहावे. कारागिराजवळ दाबाचा वेगळा काटा असतो. तो मधल्या नळीला लावून दोन-चार मिनिटे पाहिले आणि काटा हळूहळू चढत राहिला, तर आतली सीट गेली आहे. एका जागी थांबला तर ठीक.

आणि विकणारा आपल्यापैकी असेल तर त्याने मालाचा ऐब लपवू नये. खरेदी-विक्रीत ऐब सांगून विकण्याचा हुकूम साड्या आणि बैलांपुरता नाही. इथे लपवलेल्या दोषाची किंमत दुसरा माणूस पाण्याखाली मोजतो.

ज्यांना विकत घ्यायचाच नाही

सुट्टीत एकदाच बुडी मारणारे कुटुंब रेग्युलेटर कशाला घेईल? पण त्यांनीही पाहून घ्यावे. उतरण्याआधी काट्यावर २०० च्या जवळ आकडा आहे का? श्वास घेताना काटा डुगडुगतो का? डुगडुगला तर टाकीची झडप पुरती उघडलेली नाही. पिवळा ऑक्टोपस आहे का, आणि त्यातून श्वास येतो का? माउथपीस फाटलेला नाही ना, त्याची पट्टी जागेवर आहे ना? हवेला कसला वास येतो? चांगल्या हवेला वास नसतो. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नये. हे विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. नीट काम करणारा माणूस अशा प्रश्नांनी खूश होतो, आणि जो चिडतो त्याच्याकडून दूर राहावे.

तोंडातला माउथपीस दिवसभरात कितीजण वापरतात याची ज्यांना किळस येते, त्यांनी स्वतःचा माउथपीस घेऊन जावा. खरे म्हणजे खरेदीचा क्रमच असा असावा. पहिला स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा मास्क, मग माउथपीस, मग बुडीचा वेळ आणि खोली मोजणारा कॉम्प्युटर, आणि चौथा रेग्युलेटर. आपली पोरे उलट्या टोकाने सुरुवात करतात, कारण होडीवर मिरवायला रेग्युलेटरच दिसतो.

धुणे आणि ठेवणे

विकत घेतलेला रेग्युलेटर टिकतो की नाही हे शेवटी मोरीत ठरते. बुडीनंतर गोड्या पाण्याने धुवायचा. धूळबूच आधी कोरडे पुसून घट्ट लावायचे, नाहीतर पाणी पहिल्या टप्प्यातच जाते. मग अर्धा तास विहिरीच्या किंवा नळाच्या साध्या पाण्यात भिजत ठेवायचा. मीठ विरघळायला वेळ लागतो, नुसता तांब्या ओतून काम होत नाही. भिजत असताना दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये. टाकी जोडलेली नसताना बटण दाबले की झडप उघडते आणि पाणी नळीतून वर चढते. घरातल्या लहान मुलांना हे बटण दाबायला फार आवडते, तेव्हा बादली उंचावर.

वाळवणे सावलीत. उन्हात रबर फाटते. खिळ्याला टांगताना नळ्या करकचून वाकू नयेत, मोठे वेटोळे करून ठेवावे. आणि कृपा करून खोबरेल लावू नये. कोकणात आपण कुलपापासून केसांपर्यंत सगळ्याला खोबरेल लावतो. रेग्युलेटरच्या रिंगला फक्त सिलिकॉनचे वंगण, तेही कारागिराने दिलेले. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन यांचे जमत नाही, नायट्रॉक्सवाल्यांनी तर हे नीटच ध्यानात ठेवावे.

विमानाने जाताना रेग्युलेटर हातातल्या बॅगेत घ्यावा. सामानाच्या पेटीत तो आपटतो. सुरी मात्र पेटीतच.

जूनमध्ये पाऊस लागला की मालवणचे पाणी गढूळ होते आणि होड्या वर ओढल्या जातात. तेव्हा रेग्युलेटर पुन्हा एकदा धुऊन, पुरता कोरडा करून, माशांच्या जाळ्यांपासून आणि जनरेटरच्या धुरापासून दूर, हवाबंद न करता ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला तर आत बुरशी धरते. सर्व्हिसिंगला तो जुलै-ऑगस्टमध्येच द्यावा. ऑक्टोबर उजाडला की साऱ्या किनाऱ्याचे रेग्युलेटर एकाच वेळी कारागिराच्या टेबलावर येतात, आणि मग ज्याला पर्यटक घेऊन उद्याच उतरायचे आहे त्याची पाळी तीन आठवड्यांनी लागते.